शिकवणारा मिळेना, म्हणून विमानच विकत घेतले!

विमान शिकायचे तर शिकवणारा हवा. पण शिकवणाऱ्यानेच कातडीचा रंग पाहून दार लावून घेतले तर? अमेरिकेतील चार्ल्स आल्फ्रेड अँडरसन या कृष्णवर्णीय तरुणापुढे हाच प्रश्न होता. १९०७ साली पेनसिल्व्हानियात जन्मलेल्या या मुलाला लहानपणापासून विमानाचे वेड. परंतु एकही विमानशाळा त्याला घेईना.

तेव्हा त्याने साठवलेले पैसे काढले, नातेवाईक व मित्रांकडून उसने घेतले आणि अडीच हजार डॉलरला एक जुने छोटे विमान विकत घेतले. विमान आले, पण शिकवणार कोण? एका गोऱ्या वैमानिकाला सुट्टीच्या दिवशी आईला भेटायला जायचे असे, पण त्याच्याकडे विमान नव्हते. अँडरसनने आपले विमान दिले आणि स्वतः शेजारी बसून पाहत पाहत शिकला. १९२९ साली त्याला परवाना मिळाला. पुढे अर्नेस्ट बुहेल या जर्मन वैमानिकाने त्याला मनापासून शिकवले आणि १९३२ साली व्यावसायिक वैमानिकाचा मोठा परवानाही त्याने मिळवला. हा परवाना मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन.

१९४० मध्ये अलाबामातील टस्कगी इन्स्टिट्यूटने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. विद्यार्थी त्याला प्रेमाने ‘चीफ’ म्हणत.

हात कधी काढायचा?

त्या काळी शिकण्यासाठी पायपर कब हे लहानसे विमान फार चाले. इंजिन अवघे ६५ अश्वशक्तीचे. बटण दाबून ते सुरू होत नसे, पुढचा पंखा हाताने फिरवावा लागे. पेट्रोल किती उरले हे टाकीतल्या बुचावर उभी राहिलेली तार सांगे. तार खाली गेली की पेट्रोल संपत आले! प्रशिक्षक पुढे बसे, विद्यार्थी मागे.

नवख्या माणसाची एक चूक ठरलेली. विमान खाली जाते असे वाटले की तो घाबरून दांडा ओढतो आणि नाक आणखी वर उचलतो. नाक फार वर गेले की पंखांना हवेचा आधार राहत नाही आणि विमान कोसळू लागते. अशा वेळी दांडा पुढे ढकलून नाक खाली करावे लागते, म्हणजे वेग येतो व विमान सावरते. भीती सांगते त्याच्या अगदी उलट! हे तोंडी सांगून कळत नाही. म्हणून प्रशिक्षक उंचावर नेऊन मुद्दाम तसे घडवतो आणि विद्यार्थ्यालाच सावरायला लावतो. त्याने लगेच दांडा धरला तर पोरगा शिकत नाही, उशीर केला तर दोघांच्याही जिवावर बेतते.

मग एके दिवशी प्रशिक्षक खाली उतरतो आणि म्हणतो, “जा, एकटा फिरून ये.” मुलाला सायकल शिकवताना बाप कॅरिअर सोडून देतो, तसेच हे. एका माणसाचे वजन कमी झाल्याने विमान लवकर वर उठते. खाली उभा असलेला प्रशिक्षक मात्र चाके पुन्हा जमिनीला लागेपर्यंत नजर हलवत नाही.

एक फेरी, एक छायाचित्र

कृष्णवर्णीय माणसाला असली कामे झेपत नाहीत, असा अहवाल अमेरिकन लष्कराच्या महाविद्यालयाने १९२५ साली दिला होता. २९ मार्च १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कगीला आल्या. सुरक्षारक्षक नको म्हणत असताना त्या अँडरसनच्या विमानात बसल्या. कृष्णवर्णीयांची हवाई तुकडी उभी करण्याचा निर्णय आधीच झाला होता, पण त्या फेरीचे छायाचित्र देशाने पाहिले.

त्याच वर्षी लष्करी प्रशिक्षणाची पहिली तुकडी सुरू झाली. तिच्यातील १३ जणांपैकी ५ जण ७ मार्च १९४२ रोजी उत्तीर्ण झाले. १९४६ पर्यंत टस्कगीत सुमारे एक हजार वैमानिक तयार झाले व त्यांतील शेकडो महायुद्धात लढले. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा हुकूम काढला.

अँडरसन १९९६ साली टस्कगीतच वारले. २०१४ मध्ये त्यांच्या चेहऱ्याचे टपाल तिकीट निघाले. आपल्याला कोणी शिकवले नाही, याचा राग धरून ते बसले नाहीत. जे कष्टाने मिळवले ते शेकडो पोरांच्या हाती दिले. आपल्या घरात जो पहिला शिकला, त्याने मागच्या भावंडासाठी एवढे जरूर करावे.