झिओलाइट : नायट्रोजन धरून ठेवणारा दगड

माझे गाव ओरत्तनाडु, जिल्हा तंजावर. सरफोजी राजांच्या काळातले मुक्तांबाळ छत्र तिथे आजही उभे आहे, आणि आमच्या घरी मराठीच बोलतात. पण ज्वालामुखीचा काळा पाषाण मी पहिल्यांदा पाहिला तो महाराष्ट्रात, या शाळेत आल्यावर. त्यातली छिद्रे किड्यांनी पाडलेली नाहीत, एवढे आधी सांगतो, कारण आमच्या वर्गात तसे मानणारेही आहेत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हातला वायू बुडबुड्यांनी वर येई आणि वरचा भाग थिजला की तिथेच अडके. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाणी मुरले. खडकातली विरघळलेली द्रव्ये त्यातून स्फटिक होऊन बसली : फिकट गुलाबी स्टिलबाइट, पांढऱ्या सुयांसारखा स्कोलेसाइट. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ संग्रहालयात ते पाहायला मिळतात. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट यांनी असा स्फटिक तापवला, तर त्यातून पाणी उकळल्यासारखे फसफसले. म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव पडले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड.

ते पाणी होते कुठे? खडकाचे छिद्र डोळ्यांना दिसते. झिओलाइटची छिद्रे स्फटिकाच्या रचनेतच असतात आणि रुंदीला साधारण एक नॅनोमीटर किंवा त्याहून कमी. पाण्याचे रेणू त्यांत राहतात आणि तापवल्यावर बाहेर पडतात.

या छिद्रांशी आमच्या घराचा संबंध २०२१ मध्ये आला. दुसऱ्या लाटेत आजोबांना ऑक्सिजन लागला. सिलिंडर मिळेना, तेव्हा काकांनी भाड्याने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणला. आजी रोज विचारायची, “यात भरायला कोणी येत नाही, मग संपला तर?” तेव्हा तिला कोणालाच उत्तर देता आले नाही.

उत्तर असे. यंत्र खोलीतलीच हवा ओढते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. दाबलेली हवा झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेल्या नळकांड्यातून जाते. हे दाणे कारखान्यात बनवलेले असतात, खाणीतले नव्हेत. त्यांना ‘रेणूंची चाळणी’ म्हणतात, पण इथे ते चाळत नाहीत. दोन्ही वायूंचे रेणू छिद्रांत सहज मावतात. फरक ओढीचा आहे : छिद्रांतले धनभारित आयन नायट्रोजनला जास्त घट्ट धरतात. ऑक्सिजन पुढे निघून जातो, सुमारे ९३ टक्के शुद्ध. मग दाब कमी केला की धरलेला नायट्रोजन सुटतो आणि दाणे पुन्हा तयार. एक नळकांडे काम करत असताना दुसरे मोकळे होते. आजोबांच्या यंत्राचा ठराविक वेळाने येणारा ‘फुस्स’ आवाज तो हाच. वीज आहे तोवर ते संपत नाही.

आपल्याला जास्त रस वाटेल ती गोष्ट वेगळी आहे. तेजस विमानात वैमानिकाला उड्डाणातच ऑक्सिजन मिळावा म्हणून डीआरडीओने याच तत्त्वावर यंत्रणा विकसित केली. २०२१ मध्ये त्याच तंत्रावरून रुग्णालयांसाठी मिनिटाला १००० लिटर ऑक्सिजन देणारे प्रकल्प उभे राहिले.

झिओलाइटचा शत्रू म्हणजे दमट हवा. तो नायट्रोजनपेक्षाही पाणी आधी धरतो आणि ते लवकर सोडत नाही. घरी असे यंत्र असेल तर ते ओलसर भिंतीपासून दूर ठेवावे आणि हवेची जाळी आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवूनच परत बसवावी.