चमचाभर गोडी देशोदेशीची

चैत्र-वैशाखात कैऱ्या उतरल्या की घरोघरी बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या जातात. कुणाकडे साखरांबा, कुणाकडे गुळांबा, कुणाकडे मोरांबा. याच दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. मधुमेही गृहस्थ विचारतात, "डॉक्टर, साखरांबा सोडला, पण गुळांबा चालेल ना?" आणि लहान मुलांच्या आया विचारतात, "मुलगा पोळीबरोबर फक्त जॅम खातो. शेवटी फळच ना ते?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर समजून घेण्यासाठी आज देशोदेशीच्या बरण्यांत थोडे डोकावू या.

फळ टिकते कशाने?

हंगामात फळ मुबलक आणि एरवी दुर्मिळ, ही अडचण साऱ्या जगाची. त्यावर माणसाने शोधलेला एक उपाय म्हणजे साखर. फळ साखरेत शिजवले की साखर त्यातील पाणी धरून ठेवते आणि बुरशीला व जंतूंना वाढायला लागणारे पाणी मिळत नाही. फळातील पेक्टिन, आंबटपणा आणि भरपूर साखर यांचा मेळ बसला की जॅम घट्ट होतो. पेरूत आणि लिंबाच्या सालीत पेक्टिन पुष्कळ असते. म्हणून आपल्या राहात्याच्या पेरूची जेली आणि श्रीगोंद्याच्या लिंबाचे मार्मालेड घरीही छान जमते.

मार्मालेड हा शब्द मुळात पोर्तुगीज. 'मार्मेलो' नावाच्या फळाची घट्ट वडी ती 'मार्मेलाडा'. इंग्रजांनी पुढे हेच नाव संत्र्याच्या कडवट सालीच्या पदार्थाला दिले. पोर्तुगीज गोव्यात आले, तेव्हा मार्मेलोची जागा पेरूने घेतली. गोव्यात नाताळात मिळणारी पेरूची लालसर वडी, म्हणजे 'पेराद', ही त्याच घराण्यातली. आपला मुरंबा किंवा मोरांबा हा शब्द अरबी 'मुरब्बा'वरून आला. म्हणजे आपल्या आजीच्या बरणीचे नातेगोते दूरवर पसरलेले आहे.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जॅममध्ये शेकडा किमान ४५ भाग फळ हवे. स्ट्रॉबेरी व रास्पबेरीला सवलत आहे, तेथे २५ भाग पुरतात. तयार जॅममधील विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, शेकडा किमान ६५ लागतात. अमेरिकेतील नियम साधारण ४५ भाग फळाला ५५ भाग साखर असा आहे. युरोपीय संघात साध्या जॅमला किलोमागे ३५० ग्रॅम फळ पुरत असे. २०२४ साली तेथे नियम बदलून ४५० ग्रॅमचे बंधन ठरवण्यात आले. तात्पर्य, बाटली कोणत्याही देशाची असो, तिच्यात निम्म्याहून अधिक साखर असते. आपला साखरांबा यापेक्षा फारसा वेगळा नाही.

मग फरक कोठे? फरक आहे खाण्याच्या रीतीत. ग्रीस देशात पाहुणा आला की छोट्या बशीत चमचाभर मुरवलेले फळ आणि सोबत गार पाण्याचा पेला देतात. सर्बियातही अशीच चाल आहे. रशियात चहाबरोबर फळांचे 'वारेन्ये' चमच्याने थोडे थोडे खातात. चेक लोक अलुबुखाऱ्याचा गर तासन् तास आटवून 'पोविडला' करतात. जुन्या पद्धतीत त्यात साखर घालतच नसत, फळाचीच गोडी पुरे. आपल्याकडेही साखरांबा पानात डाव्या बाजूला, तोही बोटभर.

ही मर्यादा केवळ शहाणपणातून आली नव्हती. साखर महाग होती, म्हणून हात आखडता होता. आज ती परिस्थिती नाही. आपल्याच जिल्ह्यात प्रवरानगरला आशियातील पहिला मानला जाणारा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतर गावोगावी धुराडी उभी राहिली आणि शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आले. ही अभिमानाचीच गोष्ट. मात्र पूर्वी टंचाई जे माप घालून देत होती, ते माप आता आपले आपणच घालून घ्यायला हवे.

हिशेब मांडून पाहा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली, मधातली व फळांच्या रसातली मिळून साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्क्यांपर्यंत आणली तर अधिक चांगले. प्रौढ माणसासाठी हे पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, साधारण सहा छोटे चमचे. मोठा चमचाभर जॅम २० ग्रॅम भरतो आणि त्यात १२-१३ ग्रॅम साखर असते. ब्रेडच्या दोन कापांना असे दोन चमचे लावले की दिवसाचा वाटा संपला! चहा, बिस्किटे अजून व्हायचीच आहेत. लहान मुलाचा वाटा तर याहूनही कमी.

आता त्या दोन प्रश्नांची उत्तरे. गुळात थोडे लोह व क्षार असतात हे खरे, पण गूळ ही मुख्यतः साखरच आहे. चमचाभर गुळांब्याने अंगात रक्त भरत नाही, रक्तातील साखर मात्र वाढते. तेव्हा मधुमेहींनी गुळांब्याला वेगळी सूट देऊ नये. आणि जॅम हे फळ नव्हे. शिजवताना 'क' जीवनसत्त्व बरेचसे जाते, चोथाही ताज्या फळाइतका मिळत नाही. एक पेरू कापून दिला तर ते सारे मिळते आणि पोटही भरते.

काही सूचना

१. बाटलीवरील घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहिलेला असतो. साखर पहिली असेल तर काय ते समजा.

२. साखरांबा, मोरावळा अवश्य करा, पण छोट्या चमच्याने वाढा. मोरावळ्याचा पाकही मोजणीत धरा.

३. मधुमेहींनी आवळा ताजा खावा. गोडाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

४. बरणीत ओला चमचा घालू नका. बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेले खाऊ नका, सगळेच टाकून द्या.

५. कमी साखरेचा जॅम घरी केलात तर तो बाहेर टिकत नाही. थोडाच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

बरणी फडताळात राहू द्या. सणावाराला, पाहुण्यारावळ्याला ती जरूर उघडा. रोजच्या पानात मात्र फळच असू द्या.