रासायनिक संयुगांच्या नावांची फोड व उच्चार

रासायनिक संयुगांची, विशेषतः सेंद्रिय संयुगांची, पद्धतशीर नावे म्हणजे अनेक अर्थपूर्ण घटक जोडून बनलेले सामासिक शब्द होत. अशा नावाची अर्थानुसार होणारी फोड आणि उच्चारानुसार होणारी फोड पुष्कळदा जुळत नाही. वाचताना अडखळण्याचे मुख्य कारण हेच आहे. घटकांवरून नाव सिद्ध करण्याची पद्धत लव्हाझिए व त्यांच्या तीन फ्रेंच सहकाऱ्यांनी १७८७ साली मांडली.

लघवीतील युरोबिलिनोजेन ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एर्लिख द्रावणातील 'पॅराडायमेथिलअमिनोबेन्झाल्डिहाइड' हे नाव उदाहरणादाखल घेता येईल. अर्थानुसार त्याचे घटक पॅरा, डाय, मेथिल, अमिनो, बेन्झ व आल्डिहाइड असे पडतात. 'पॅरा' हा बेन्झीन वलयावरील समोरासमोरची स्थाने दर्शवतो, तर 'डाय' मेथिल गटांची संख्या दोन असल्याचे सांगतो. उच्चारात मात्र शेवटच्या दोन घटकांचा संधी होऊन बेन्-झाल्-डि-हाइड असे खंड ऐकू येतात. इंग्रजी उच्चारात संपूर्ण नावाचे बारा खंड होतात आणि ते एका ठेक्यात बसतात. 'आयरिश वॉशरवूमन' या नृत्यगीताच्या चालीवर हे नाव म्हणता येते, अशी गंमत आयझॅक असिमोव्ह यांनी नोंदवली आहे. 'आल्डिहाइड' हा शब्दही मुळात 'हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल' या अर्थाच्या लॅटिन शब्दांचा संक्षेप आहे. त्याची खरी फोड 'आल्' व 'डिहाइड' अशी होते, पण तसे थांबून कोणी बोलत नाही.

स्वरसंधीच्या नियमांशी परिचित असलेल्या मराठी वाचकास 'मोनो' व 'ऑक्साइड' मिळून 'मोनॉक्साइड' होणे परके वाटू नये. येथे 'मोनो'चा अंत्य स्वर लोपतो. 'डायऑक्साइड'मध्ये तसा लोप होत नाही.

सर्वाधिक काळजी प्रत्ययाच्या उच्चारात घ्यावी लागते. इथेन, इथीन व इथाइन यांत कार्बन अणूंमधील बंध अनुक्रमे एकेरी, दुहेरी व तिहेरी असतो, आणि हा भेद केवळ एका स्वरावर अवलंबून आहे. देवनागरीत इथीनही 'इथेन' असे लिहिल्यास तो पुसलाच जातो. सल्फाइड, सल्फाइट व सल्फेट यांचेही तसेच. पाण्यात जवळजवळ न विरघळणारे बेरियम सल्फेट अन्नमार्गाच्या क्ष-किरण तपासणीपूर्वी रुग्णास पाजतात; बेरियम सल्फाइड मात्र विषारी आहे.