फोन मध्येच का ओरडतो?

२० जुलै २०२३ च्या सकाळी महाराष्ट्रात अनेकांचे फोन अचानक कर्कश वाजले, आठवतंय? ती दूरसंचार विभागाची सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात मेसेज एकेका नंबरवर जात नाही. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम हाक देतो. म्हणूनच वादळाचा इशारा फक्त वसईच्या होळी-पाचूबंदर पट्ट्यापुरताही देता येतो, नेटवर्कवर गर्दी असली तरी. असा व्यत्यय हवाच!

पण ऑफरच्या जाहिरातींनी दिवसभर टुणटुण का करावं? अँड्रॉइड ८ (२०१७) पासून एकाच अ‍ॅपच्या सूचना प्रकारानुसार वेगवेगळ्या बंद करता येतात. जाहिराती बंद करा, व्यवहाराच्या सूचना ठेवा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी इमर्जन्सी अलर्ट मात्र चालूच ठेवावा.