जुना रंग खरवडताना

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघते. भिंती रंगाऱ्याकडे जातात. पण खिडकीचे गज, लोखंडी कपाट, पत्र्याची ट्रंक, बाळाचा पाळणा ही कामे घरचीच मंडळी सुटीच्या दिवशी ओसरीवर उरकतात. हौशी तरुणांची तऱ्हा आणखी वेगळी. १९९० च्या दशकात गावोगावी व्हिडिओ गेमची दुकाने होती. त्या काळची नाणे टाकून चालणारी एखादी पेटी भंगारातून आणायची आणि नाण्यांच्या फटीचे तिचे गंजलेले लोखंडी दार घासून नव्यासारखे करायचे, असाही छंद काहींना असतो.

अशा कामात लोक नव्या रंगाच्या वासाला घाबरतात आणि दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवतात. जुन्या रंगाची पूड मात्र केरसुणीने लोटून टाकतात. खरे भय या पुडीचे आहे.

पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे सर्रास मिसळत. त्यामुळे रंग लवकर वाळे, टिकाऊ होई. पिवळ्या व नारिंगी छटा तर शिशाच्या क्रोमेटपासूनच मिळत. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आतून जो शेंदरी रंगाचा थर देत, तोही शिशाचाच. देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूर आणि हा थर रासायनिकदृष्ट्या एकच. (तपकिरी रेड ऑक्साइड वेगळे, त्यातील लाली लोहाची असते.) आपल्याकडे घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे. यंत्रे, वाहने यांचे औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. म्हणून जुन्या लोखंडी वस्तूवरच्या रंगात शिसे आहे असे धरूनच चालावे. नुसत्या डोळ्यांना ते ओळखू येत नाही.

रंग जागेवर घट्ट बसलेला असेल तोवर फारसे बिघडत नाही. कोरड्या पॉलिश पेपरने घासला की त्याची बारीक धूळ होते आणि ती श्वासावाटे व हातावाटे पोटात जाते. ब्लो लॅम्पने जाळला तर आणखी वाईट, कारण मग शिशाची वाफच उठते. रांगणारे मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चौपट-पाचपट शिसे मुलाचे शरीर शोषून घेते. अंगात लोह व कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते, आणि आपल्याकडे रक्तक्षय असलेली मुले कमी नाहीत. शिसे हाडांत साठून राहते व गर्भारपणी आईकडून बाळाकडे जाते. मूल चिडचिड करते, पोट दुखते, शौचास खडा होतो; पण बहुधा बाहेरून काहीच दिसत नाही आणि मेंदूची वाढ मात्र खुंटते. हे नुकसान भरून येत नाही. शंका असल्यास रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

मग रंगवायचेच नाही का? जरूर रंगवावे, पण ओले घासावे. काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करावे. मुले व गर्भवती यांना तेथे फिरकू देऊ नये. खाली प्लॅस्टिक किंवा रद्दी पसरावी (आमच्या अंकाची चालेल, मात्र ती पुन्हा भजी बांधायला नको). वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे, चिखल ओल्या फडक्याने टिपावा, सारे पिशवीत बांधून टाकावे. ते पाणी परसातल्या भाजीला घालू नये. लोखंड लगेच कोरडे पुसून त्याच दिवशी प्रायमर द्यावा, नाहीतर रात्रीतून गंज धरतो. काम चालू असताना चहा-बिडी नको, आणि तळहातावर तंबाखू मळणे तर मुळीच नको. अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत. रंग कोठेच सुटलेला नसेल तर तो खरवडण्याची गरजच नाही. ओल्या पेपरने चकाकी मोडून वर नवा हात द्यावा.

घासण्याचा कंटाळा म्हणून काही जण रिमूव्हर आणतात. डब्यावर मेथिलिन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिले असेल तर तो परत करावा. त्याची वाफ हवेहून जड असते आणि बंद मोरीत खाली साचते. शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. बंद जागेत काम करणारी माणसे दगावलेली आहेत. अमेरिकेने २०१९ साली घरगुती वापरासाठी असे रिमूव्हर विकण्यास बंदी घातली. हृदयविकार असलेल्यांनी तर त्याच्या जवळही जाऊ नये. तोंडावर रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क बांधून ही वाफ अडत नाही.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापवला तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. तो हिवताप नसून जस्ताच्या धुराचा असतो व बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. श्वास लागला तर मात्र थांबू नये.

हाताला लागलेला रंग थिनरने धुऊ नये, कातडी फुटते. गोडेतेल चोळून साबण लावावा. उरलेले थिनर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. मुलाने ते प्यायलेच तर उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. उलटीबरोबर थिनर फुप्फुसात उतरते. बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे.