केळीबागांचा आणि घाटवाटांचा खानदेश

फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेवर आल्सास म्हणून एक प्रांत आहे. व्होझ पर्वताच्या पायथ्याशीं द्राक्षांचे मळे, मळ्यांच्या मधून वसलेलीं जुनीं गांवें, आणि गांवांच्या पाठीमागून डोंगर चढत जाणारे रस्ते, अशी त्या भूमीची ठेवण. १९५३ सालीं हीं गांवें जोडणारा एक मार्ग ‘मद्याची वाट’ या नांवानें तेथें आंखून देण्यांत आला, आणि त्या वाटेनें सहल करणें हा दूरदूरच्या कुटुंबांचा आवडता छंद होऊन बसला. सातपुड्याखालचा खानदेश ज्यानें पाहिला आहे त्याला हें वर्णन ओळखीचें वाटावें. येथेंही पर्वताच्या पायथ्याशीं मळे आहेत, जुनीं गांवें आहेत, घाट आहेत. द्राक्षांच्या जागीं केळी आहेत, इतकेंच. प्रवासी मात्र येथें सहसा थांबत नाहीं.

तो थांबत नाहीं याचें एक कारण पिकाच्या स्वभावांतच आहे. द्राक्षाचें मद्य होतें व तें तळघरांत वर्षानुवर्षें टिकतें. तेव्हां तें चाखावयास पाहुणा मळ्यापर्यंत येतो. केळ्याचें तसें नाहीं. घड हिरवा असतांनाच कापावा लागतो आणि थोड्याच दिवसांत बाजार गांठावा लागतो. म्हणून सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून माल भरभरून दिल्लीकडे गेला; पण मळे पाहावयास दिल्ली इकडे आली नाहीं. दुसरें कारण अजिंठा. लेण्यांसाठीं जळगांव स्टेशनावर उतरलेला प्रवासी बहुधा तसाच दक्षिणेस साठएक किलोमीटर जातो, लेणीं पाहातो आणि मिळेल त्या गाडीनें परततो. खानदेश त्याच्या लेखीं केवळ एक फलाट.

वस्तुतः हा मुलूख समजून घेण्याची किल्ली अगदीं सोपी आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रि, आणि मधून पश्चिमवाहिनी तापी. उत्तरेंतून दक्षिणेंत जाणारें सैन्य असो कीं व्यापाऱ्यांचा तांडा असो, एक घाट उतरावा, तापीचा उतार गांठावा आणि समोरचा घाट चढावा, हें कोणास चुकत नसे. येथील पुष्कळशीं जुनीं ठाणीं घाटाच्या तोंडाशीं नाहींतर नदीच्या उताराशीं आहेत, तीं याचमुळें. हें सूत्र हातीं धरून फिरल्यास विखुरलेले अवशेष एका माळेंत ओंवले जातात.

सहलीचा आरंभ जळगांवाहून करावा. भुसावळमार्गें तापी ओलांडली कीं बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता लागतो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर हीं गांवें तो सातपुड्याच्या कडेकडेनें जोडतो. दोहों बाजूंस केळीच्या बागा. पावसाळ्याच्या तोंडाशीं लावलेली ती मृगबाग आणि पावसाळा संपतां लावलेली ती कांदेबाग, हा भेद येथील शेतकरी पाहुण्यास मोठ्या हौसेनें समजावून देतो. रावेरच्या उत्तरेस डोंगरांत पाल हें थंड हवेचें ठिकाण आहे. फैजपुरास १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. त्याची सजावट चित्रकार नंदलाल बसू यांनीं बांबूसारख्या गांवच्याच साहित्यांतून उभी केली होती.

शिरपूर तालुक्यांत तापीच्या कांठीं थाळनेर आहे. चौदाव्या शतकांत मलिक राजानें फारुकी घराण्याचें राज्य येथूनच उभें केलें. त्या घराण्यांतील राजांच्या कबरी येथें आहेत. १८१८ च्या फेब्रुवारींत होळकरांचा किल्लेदार तुळशीराम यानें हा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढविला. किल्ला पडल्यावर सेनापति हिस्लॉप यानें त्यास फांसावर चढविलें, आणि त्या कृत्याविषयीं इंग्लंडच्या पार्लमेंटांतही प्रश्न निघाला. नदीचा उतार ज्याच्या हातीं त्याच्या हातीं रस्ता, हें या पडक्या तटाजवळ उभें राहिल्यावर वेगळें सांगावें लागत नाहीं.

तेथून आग्रारोडनें धुळें गांठावें. शहराच्या दक्षिणेस रस्त्यावर पहारा करीत असलेला लळिंगचा किल्ला हें त्याच सूत्राचें दुसरें उदाहरण. धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे यांचा १९२६ अखेर अंत झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेल्या कागदपत्रांचा संग्रह तेथें आहे. विनोबांनीं गीतेवरील प्रवचनें दिलीं तीं १९३२ सालीं, याच शहराच्या तुरुंगांत.

शेवटचा टप्पा चाळीसगांवचा. तेथून सुमारें अठरा किलोमीटरवर, डोंगराच्या कुशींत, पाटण येथें चंडिकादेवीचें स्थान आहे. लोक त्यास पाटणादेवी म्हणतात. या जागेचें खरें महत्त्व तेथील शके ११२८ च्या शिलालेखांत आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिला आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्यास दान दिलें, असें तो सांगतो. डॉ. भाऊ दाजी यांनीं हा लेख उजेडांत आणला. त्याचा शेवटचा भाग तत्कालीन मराठींत असून, पाटणच्या पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हक्क मठास दिल्याचें आणि घाण्यामागें तेल नेमून दिल्याचें त्यांत नमूद आहे. घाटाखालच्या बाजारानें गणिताचा मठ चालविला, असाच याचा अर्थ. जवळच, डोंगराच्या माथ्यावर, पितळखोऱ्याचीं प्राचीन बौद्ध लेणीं आहेत. चाळीसगांवाहून कन्नडचा घाट चढतांना मागें वळून पाहिलें म्हणजे हा सारा मैदानी मुलूख पायांखालीं पसरलेला दिसतो.

ही सहल पावसाळा सरल्यावर, कार्तिक ते माघ या महिन्यांत करावी. खानदेशचा उन्हाळा परक्यास सोसत नाहीं. भर पावसांत कन्नड घाट टाळावा. १९५३ नंतरच्या सुधारलेल्या रस्त्यांच्या काळांतही, २०२१ च्या ऑगस्टअखेर, दरडी कोसळून तो बंद पडला होता. चार दिवस हाताशीं असावेत. घाईनें पाहण्याजोगें येथें थोडें, थांबून पाहण्याजोगें पुष्कळ.

आल्सासच्या गांवांना रस्त्यानें नवें कांहीं दिलें नाहीं. जें होतें तेंच त्यानें एका ओळींत मांडलें. खानदेशांत रस्ताही आहे आणि गांवेंही आहेत. जेथें कोणी पाहावयास येत नाहीं तेथें कोरीव दगडाची किंमत गांवालाही हळूहळू कळेनाशी होते, आणि एखाद्या दिवशीं तो गोठ्याच्या भिंतींत जाऊन बसतो. पाटणच्या बाजारानें एके काळीं वाटसरूंच्या पैशांतून विद्या पोसली. तो वाटसरू पुन्हां त्या वाटेस लागला, तर उरलेले दगड राखावेत असें तेथील लोकांसही वाटूं लागेल.