गवती चहाचे थंड पेय

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावरील तालुक्यांत परसात गवती चहाचे ठोंब पुष्कळ घरी आढळतात. त्याच्या पातीपासून उन्हाळ्यात गुळाचे थंड पेय घरच्या घरी तयार करता येते.

एक लिटर पाण्यास आठ-दहा पाती धुऊन कातराव्यात. पाणी उकळताच पाती व ठेचलेले आले घालून भांडे उतरावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. पातीचा सुवास तिच्यातील तेलाचा असतो. झाकण नसल्यास तो वाफेबरोबर उडून जातो. नंतर 60 ग्रॅम गूळ विरघळवून पेय गाळावे व निवल्यावर एका लिंबाचा रस घालावा. हे पेय बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवू नये, ते कळकते.

किनाऱ्याची हवा दमट असल्याने माठातील पाणी घाटावरच्याइतके गार होत नाही, म्हणून बर्फाचा मोह होतो. परंतु मासळीचा बर्फ पेयात कदापि घालू नये. गोठल्याने सर्व रोगजंतू मरत नाहीत. दूषित बर्फापासून हगवण, कावीळ व विषमज्वर संभवतात. अखाद्य बर्फास निळा रंग देण्याचा दंडक महाराष्ट्रात 2018 मध्ये घालण्यात आला. तरीही रंगावर विसंबू नये. झाकणाचे भांडे बाहेरून बर्फात ठेवावे, म्हणजे पेय गार होते व शुद्धही राहते.

पेय त्याच दिवशी संपवावे. गूळ हीदेखील साखरच होय. मधुमेह असणाऱ्यांनी तो वगळून केवळ लिंबाचे पेय घ्यावे.